गुणाजी कर्णेवाल्याची परिषद

गुणाजी परबाला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नसे, आणि उजव्या कानाने जे येई ते न आल्यात जमा होतं. धंदा मात्र लाऊडस्पीकरचा. लालबागला गणेश गल्लीच्या तोंडाशी एका चाळीच्या जिन्याखाली त्याची जागा होती. वर पाटी, 'श्री रवळनाथ लाऊडस्पीकर सर्व्हिस', आणि पाटीखाली बाकड्यावर बसलेला गुणाजी. रस्त्यातून कुणी हाक मारली तर मान वर करायचा नाही. लोक म्हणत, कर्णेवाल्याला फार मस्ती आली आहे. त्याला ऐकू येत नाही हे त्याची बायको मालन आणि भागीदार रामदास कांबळे या दोघांनाच ठाऊक होतं.

कान गेले ते गिरणीत. चौदा वर्षं तो साचेखात्यात होता, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. चारशे माग एकदम धडधडायला लागले की छातीत आपलं काळीज उडतंय की मागाचा धोटा, तेही कळत नसे. तिथे घसा फोडून उपयोग नव्हता. माणसं ओठ हलवत आणि समोरचा ओठ वाची. मुकादम जॉबर येतोय, सूत तुटलं, आज डब्यात बांगडा आहे, सगळं ओठांवर. गुणाजी तीन माग पलीकडच्या माणसाची शिवीसुद्धा वाचायचा.

मग गिरणीच्या फाटकावरच्या एका द्वारसभेत कर्णा धरायला म्हणून त्याला उभं केलं, आणि त्याच्या हाताला काहीतरी गवसलं. कर्ण्याच्या कडेवर चार बोटं टेकली की आवाज स्वच्छ आहे की फाटतोय, माइक जवळ आहे की लांब, बोलणारा दमलाय की खोटं बोलतोय, हे त्याला कळायला लागलं. गिरणी सुटली तेव्हा त्याने हाच धंदा धरला. रामदास त्याच गिरणीतला वायरमन, डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीतला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. तो भागीदार झाला तेव्हाच म्हणाला होता, ''पाटीवर तुझा रवळनाथ राहू दे. वायरी माझ्या. आणि ऐकायचं काम पण माझं.''

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या आणि दोघांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. नरे पार्क, कामगार मैदान, शिवाजी पार्क, चौपाटी. जिथे समितीची सभा तिथे गुणाजीचे कर्णे. अठ्ठावन्नच्या जानेवारीत एका सभेची परवानगी संपल्यावरही एक वक्ते पाऊण तास बोलत राहिले. पोलिसांना वक्ते काही उचलता आले नाहीत, म्हणून त्यांनी चार कर्णे उचलले. कर्णे चौकीत जप्त झाले आणि गुणाजी रिकाम्या बाकड्यावर बसून राहिला.

अशा वेळी, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, त्याच्यासमोर टिपणीस येऊन उभे राहिले.

चिंतामणी टिपणीस दादरला राहत, सरकारी खात्यात पाहुण्यांची सरबराई बघत. गोरे, नीटनेटके, कोटाच्या खिशात दोन पेनं. गुणाजीच्या दृष्टीने त्यांच्यात एकच खोट होती. त्यांना मिशी होती. साधीसुधी नव्हे, वरचा ओठ झाकून खालच्या ओठावर उतरलेली. बोलताना ती नुसती वरखाली होई आणि आतलं एक अक्षर बाहेर येत नसे. त्यात रामदास माहीमला साखरपुड्याला कर्णा लावायला गेलेला.

अशा प्रसंगी गुणाजीची ठरलेली रीत होती. समोरच्याचा चेहरा उत्सुक दिसला की म्हणायचं ''होय.'' चेहरा काळजीत दिसला की म्हणायचं ''नाही.'' आणि कशाचाच अंदाज येईना की म्हणायचं ''बघू.'' एवढ्यावर त्याने सात वर्षं धंदा केला होता.

मिशी हलली. चेहरा उत्सुक. ''होय,'' गुणाजी म्हणाला.

मिशी पुन्हा हलली, कपाळाला आठ्या. ''नाही,'' गुणाजी म्हणाला, जरा ठासूनच.

मिशी तिसऱ्यांदा हलली. ''बघू.''

टिपणिसांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, एक लखोटा बाकड्यावर ठेवला आणि गाडीत बसून निघून गेले.

संध्याकाळी रामदासने लखोटा फोडला. वाचता वाचता तो बाकड्यावर बसला.

''गुण्या, तू काय कबूल करून बसलायस ठाऊक आहे?''

''सत्यनारायण असेल.''

''नऊ देशांची परिषद आहे. पाच भाषांत. एक माणूस बोलणार आणि बाकीच्यांच्या कानात त्याच वेळी त्यांच्या त्यांच्या भाषेत ऐकू येणार. काचेच्या खोक्यात बसून दुभाषे बोलणार. हे सगळं यंत्र चालवायचं तू!''

टिपणिसांनी काय काय विचारलं ते दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडून रामदासला कळलं. पहिला प्रश्न होता, परदेशी यंत्रावर काम केलंय का? दुसरा, ऐनवेळी घोटाळा तर होणार नाही ना? आणि तिसरा, आधी यंत्र पाहायचंय का? त्यावर गुणाजी इतक्या शांतपणे ''बघू'' म्हणाला की टिपणिसांना त्याच्या जागी एकदम मोठा इंजिनियर दिसला. यंत्राबरोबर बोटीने आलेला परदेशी इंजिनियर उतरल्या उतरल्या कावीळ होऊन इस्पितळात पडला होता. शहरातल्या बड्या कंपन्यांनी यंत्राचा फोटो पाहूनच हात वर केले होते.

''पण आमच्याकडेच कसे काय आलात, साहेब?'' रामदासने विचारलं.

टिपणिसांनी इकडेतिकडे पाहिलं. ''शिवाजी पार्कच्या सभेत अगदी मागे, वाऱ्यातसुद्धा, तुमच्या कर्ण्यातून शब्द न् शब्द ऐकू येतो.'' मग घाईघाईने म्हणाले, ''म्हणजे असं लोक बोलतात.''

गुणाजीने एकच अट घातली. चार कर्णे सुटले पाहिजेत. परिषदेचं उद्घाटन बागेत व्हायचं होतं, तेव्हा कर्णे लागणारच होते. मग सरकारने सरकारला अर्ज केला. सरकारने सरकारला उत्तर दिलं की जप्त माल ज्याचा त्याच्या सद्वर्तनाचा दाखला जोडावा. टिपणिसांनी तो स्वतःच लिहिला, स्वतःच सही केली आणि स्वतःच नेऊन दिला. कर्णे पोलिसांच्याच गाडीतून आले. ते उचलून नेणारा हवालदारच आता ते उतरवून देत होता, आणि एकाला पोचा आला म्हणून ओशाळला होता.

गल्लीत हे बघितलं जयवंत साळव्याने. हा समितीचा वॉर्डातला कार्यकर्ता, सभेच्या दिवशी सतरंज्यांपासून वक्त्यांपर्यंत सगळं गोळा करणारा.

''गुणाजी, लाज नाय वाटत? त्या द्विभाषिक सरकारच्या चाकरीला लागलास?''

''जयवंता, मी पाच भाषांचं काम घेतलंय. तू दोन भाषांचं काय घेऊन बसलास?''

''मराठी आहे का त्यात?'' जयवंतने विचारलं.

गुणाजीने रामदासकडे पाहिलं. रामदासने मान हलवली. नव्हती.

''बघू,'' गुणाजी म्हणाला.

परिषद भरायची होती गिरगावच्या बाजूला, समुद्राकडे तोंड केलेल्या एका जुन्या संस्थानिकाच्या बंगल्यात. विषय असा: बंदरात बोट शिरताना पाण्यातला तांबडा दिवा डाव्या हाताला असावा की उजव्या. हिरवा अर्थात दुसऱ्या हाताला. नऊपैकी चार देश म्हणत डावीकडे, चार म्हणत उजवीकडे, आणि नववा देश एक लहानसं बेट. तिथे एकच दिवा होता आणि तो पांढरा होता. भांडण नको म्हणून त्याच देशाच्या म्हाताऱ्या दर्यासारंगाला अध्यक्ष केलं होतं.

यंत्र अकरा खोक्यांत होतं. बाराव्या खोक्यात माहितीचं पुस्तक, चांगलं चारशे पानांचं. पाच भाषांचे दहा दुभाषे तेव्हा मुंबईत येऊन उतरले होते. रामदास पुस्तक घेऊन एकेकाकडे फिरला. ते सहाव्याच भाषेत होतं.

''जगातल्या कुठल्याही दोन माणसांचं भांडण हे दहा जण समजावून देतील,'' रामदास म्हणाला, ''पण बटण कुठलं दाबायचं ते एकाला सांगता येत नाही.''

शेवटी दोघांनी पुस्तक टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारलं आणि वायरींना हात घातला. प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते हाताने चाचपत तीन दिवस ते बंगल्याच्या फरशीवर रांगले. रामदास स्वतःचा जुना हेडफोन कानाला लावून ऐके, गुणाजी त्याच कानातल्याच्या पत्र्यावर बोट ठेवून सांगे, ''ही बाई बोलतेय. हा घोगरा आहे. इथे कोणीच नाही.'' दुभाष्यांपैकी एकीने हे पाहिलं आणि दुसरीला म्हणाली की इकडचे तंत्रज्ञ नाडी बघून यंत्र तपासतात. चौथ्या दिवशी पाचही भाषा आपापल्या जागी वाहू लागल्या.

मग कानातल्यांचं खोकं उघडलं. चव्वेचाळीस होती, आणि एकालाही कानावरची मऊ गादी उरली नव्हती. गोदीच्या गोदामात उंदरांनी सगळ्यांचा फडशा पाडला होता. नुसता पत्रा कानाला लागे. टिपणीस डोक्याला हात लावून बसले, कारण परिषद परवावर आली होती.

गुणाजीने एक कानातलं पिशवीत घालून घरी नेलं. मालन गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, नुकतीच पाळी करून आलेली. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

''उंदरांनी खाल्ल्यानी? इतक्याच मा? माज्याकडे आणा सगळी. उशयेत कापूस आसा. ओटीचे खण तर पेटी भरान पडले हत.''

चाळीतल्या चार बायका घेऊन तिने अठ्ठ्याऐंशी गाद्या शिवल्या. कापूस घट्ट, टाके बारीक, खणाचे काठ गोल फिरवून घेतलेले. टिपणिसांनी पाहिल्या आणि त्यांचे डोळे पाणावले. प्रत्येक कानातल्याच्या डाव्या कानाला तांबडा खण होता आणि उजव्या कानाला हिरवा.

ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही.

उद्घाटन झकास झालं. बागेतल्या कर्ण्यांतून स्वागत ऐकू आलं, पोचा आलेला कर्णा जरा खणखणला पण तो वाद्यासारखा वाटला. मग पाहुणे आत गेले, खुर्च्यांवर बसले, कानातली हातात घेतली, आणि ती उलटीसुलटी करून बघू लागले.

डाव्या बाजूला तांबडा. उजव्या बाजूला हिरवा. ज्या एका गोष्टीवरून अर्ध्या जगाचं उरलेल्या अर्ध्या जगाशी वाकडं होतं, ती यजमान देशाने पाहुण्यांच्या डोक्यावर बांधून ठेवली होती.

'डावीकडे तांबडा' म्हणणाऱ्या चार देशांनी टाळ्या वाजवल्या. 'उजवीकडे तांबडा' म्हणणारे चार देश उठून उभे राहिले. त्यांच्यातल्या एका उंच गृहस्थाने टिपणिसांसमोर कानातलं असं धरलं, जसा काही मेलेला उंदीर. हे यजमानांचं अधिकृत मत समजायचं का? टिपणीस म्हणाले, तो कापडाचा प्रश्न आहे. गृहस्थ म्हणाले, युद्धंसुद्धा कापडावरून झाली आहेत.

दुपारी टिपणिसांची गाडी लालबागला आली. मालनला बोलावणं होतं. ती हात पुसत आली आणि टिपणिसांसमोर उभी राहिली.

''बाई, तांबडा डावीकडे का लावलात?''

''डावो कान खयचो आणि उजवो खयचो, ता कळाक नको?''

''पण तांबडाच डावीकडे का?''

मालनने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. ''मगे हिरवो लावलंय असतंय तर तुमी इचारलां असतां, हिरवो कित्याक.''

टिपणिसांनी हे उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत लिहून घेतलं आणि परिषदेत वाचून दाखवलं. पाचही भाषांत गेलं. मग त्या उंच गृहस्थाने त्यावर एक तोड काढली. त्याच्या गटाने कानातली उलटी घातली. म्हणजे तांबडा उजवीकडे आला. वायर डावीकडून यायची ती उजवीकडून आली, हनुवटीखालून फिरवून. पण तत्त्व सांभाळलं गेलं, आणि परिषद पुढे चालू झाली. दोन दिवस चार देश सुलटे आणि चार देश उलटे बसले होते. अध्यक्ष म्हाताऱ्याने मात्र आपलं कानातलं कधी असं, कधी तसं घातलं, त्यामुळे तो कोणाच्या बाजूचा आहे यावर दोन्हीकडून तारा गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्रातला एक व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची नळी, मिणमिणायला लागला म्हणून रामदास दुसरा आणायला लॅमिंग्टन रोडला गेला. ''तासाभरात येतो,'' म्हणाला. ''कोणी काही विचारलं तर?''

''होय, नाही, बघू,'' गुणाजी म्हणाला.

तो कोपऱ्यात यंत्रापाशी बसला, मुख्य वायरीच्या जोडावर दोन बोटं ठेवून. उजवीकडच्या गटाचं कोणीतरी भाषण करत होतं. उलट्या कानातल्यांच्या वायरी दोन दिवस ताणून ताणून, सगळ्या वायरी जिथे जमत त्या टेबलाखालच्या पेटीला ओढ बसत होती. साधारण अकराच्या सुमारास त्या उंच गृहस्थाने पायावर पाय टाकला, पेटीला हिसका बसला, आणि गुणाजीच्या बोटांखालची थरथर थांबली.

त्याने दुसरा जोड चाचपला. गप्प. तिसरा. गप्प. काचेच्या खोक्यांतले दुभाषे तोंड हलवत होते, हातवारे करत होते, एक बाई तर कळवळून बोलत होती. आणि कुठल्याही वायरीत काहीही नव्हतं. बेचाळीस माणसांच्या कानाला नुसता कापूस लावलेला होता.

गुणाजी कोणी ओरडेल म्हणून वाट पाहत राहिला. कोणी ओरडलं नाही. शेजाऱ्याला समजत असेल आणि फक्त आपल्यालाच ऐकू येत नसेल, असं प्रत्येकाला वाटत होतं. आणि कानातलं काढून बघायची तर सोयच उरली नव्हती. गेल्या दोन दिवसांत कानातलं काढणं म्हणजे सभात्याग असा अर्थ झाला होता. सगळे ताठ बसून माना डोलवत होते. काहीजण लिहूनसुद्धा घेत होते.

गुणाजीने दाराशी उभ्या असलेल्या टिपणिसांना खुणेने बोलावलं.

''बंद पडलंय,'' तो म्हणाला. ''कोणाला काय ऐकू येत नाय.''

मिशी हलली. बराच वेळ हलली. चेहरा विनवणीचा होता. गुणाजीला वाटलं, चालू द्या म्हणतायत. आणि खरंच ते तेच म्हणत होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच सभागृहात शांतता होती, ती मोडू नका, असं.

तेवढ्यात भाषण संपलं आणि अध्यक्षांच्या सेक्रेटरीने सगळ्यांना हात वर करायची खूण केली. ठराव मताला टाकला होता.

वर जाणारे हात बघून गुणाजीला अंगठे आठवले. पंचेचाळीस साली साचेखात्यात, माग चालू असताना, जॉबर एक कागद वाचत फिरला होता. त्याला मिशी नव्हती, पण कागद तोंडासमोर धरून वाचत होता. एकाने अंगठा उठवला, म्हणून दुसऱ्याने उठवला, गुणाजीनेही उठवला. दोन माग सांभाळणारा माणूस सोमवारपासून चार माग सांभाळायला लागला. कोणालाही ऐकू आलं नव्हतं, आणि आपल्याला ऐकू आलं नाही हे एकानेही बोलून दाखवलं नव्हतं.

गुणाजी उठला. पायात चपला नव्हत्या, वायरींवर काम करताना तो त्या काढून ठेवी. तसाच तो गालिच्यावरून सरळ मधोमध चालत गेला. टिपणीस मागून त्याचा सदरा धरायला धावले, पण उशीर झाला. गुणाजीने अध्यक्षांच्या पुढ्यात उभं राहून त्यांच्या डोक्यावरचं कानातलं काढलं, सगळ्यांना दाखवलं, आणि दोन्ही हात हलवून, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने, मराठीत ओरडला:

''थांबा! हे मेलेलं आहे! कोणाला काय ऐकू येत नाय! हात खाली घ्या!''

दुभाष्यांनी त्याचं भाषांतर करायचा प्रयत्न केला नाही. तरीपण हात खाली आले.

म्हातारा अध्यक्ष गुणाजीकडे बघत होता. रागाने नव्हे. त्याने हळूच टेबलाखालून आपल्या कानातल्याची वायर वर काढली आणि तिचं टोक गुणाजीच्या हातात दिलं. ते कुठेच लावलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मग त्याने आपल्या कानाकडे बोट केलं, दोन्ही गाल फुगवून तोफेचा आवाज काढला, आणि हसून हात झटकले. चाळीस वर्षं लढाऊ जहाजावर तोफांशेजारी काढली होती म्हाताऱ्याने.

गुणाजीने स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि हातांनी माग चालवून दाखवला. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

म्हाताऱ्याने घंटा वाजवून चहाची सुट्टी जाहीर केली.

चहाच्या वेळी टिपणीस एकेका प्रतिनिधीला अदबीने विचारत फिरले की आपण हात कशासाठी वर केला होता. दोघांनी तांबडा दिवा डावीकडे ठेवायला मत दिलं होतं, तिघांनी उजवीकडे. एकाला वाटलं होतं, जेवणाची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणायची आहे. एकाने कुठल्याशा मयत राजदूताला श्रद्धांजली वाहिली होती. उंच गृहस्थाने सांगितलं की आपण विरोध नोंदवण्यासाठी हात वर केला होता, आणि विरोध कशाला ते मायदेशी विचारून कळवू.

मग टिपणीस गुणाजीसमोर येऊन बसले. रामदास व्हॉल्व्ह घेऊन परतला होता, म्हणून या वेळी बोलणं पोचलं.

''ते विचारतायत, तुला ऐकू येत नाही?'' रामदास म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. सात वर्षांचं गुपित होतं.

''यांना सांग, मिशी कापली तर येईल,'' गुणाजी म्हणाला.

टिपणीस उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा नाकाखाली एक बारीक रेघ उरली होती आणि माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. ''गुणाजीराव,'' ते म्हणाले, आणि गुणाजीला त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण वाचता आलं, ''तुम्ही काल नऊ देशांची लाज राखलीत. पण माझी नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही.''

नोकरी राहिली. खात्याने त्यांना एकाच लखोट्यात दोन पत्रं पाठवली, एक ठपक्याचं आणि एक शाबासकीचं. परिषदेत दिव्यांचं काही ठरलं नाही. तो प्रश्न एका उपसमितीकडे गेला. एकमताने ठराव झाला तो एकच, की कानातल्यांच्या गाद्या प्रतिनिधींना आठवण म्हणून घेऊन जाऊ द्याव्यात. मालनच्या ओटीचे खण असे नऊ देशांत गेले. गुणाजीला पाच भाषांत छापलेलं मानपत्र मिळालं. त्यात मराठीत ओळ नव्हती. टिपणिसांनी खिशातलं पेन काढलं, आजूबाजूला पाहिलं आणि तळाशी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'श्री. गुणाजी परब यांस, आभारपूर्वक.' नियमात बसत नव्हतं ते.

बोट सुटायच्या दिवशी अध्यक्ष म्हाताऱ्याने हट्टच धरला की मागवाल्याचं घर बघायचं. टिपणीस त्याला घेऊन लालबागला आले. म्हातारा जिन्याखाली खोक्यावर बसला, मालनने दिलेला चहा बशीत ओतून प्यायला, आणि तो आणि गुणाजी तासभर बोलत बसले. बोटांनी, भुवयांनी, खांद्यांनी. अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून बघत होती. आवाज कसलाच नव्हता, तरी मध्येच दोघेही खो खो हसत.

म्हातारा आणि टिपणीस निघायला गाडीत बसले तर रस्ता बंद. परळकडून समितीचा मोर्चा येत होता, आणि पुढे जयवंत. त्याने गाडीतला पांढऱ्या दाढीचा, छातीवर पदकं लावलेला परदेशी पाहुणा पाहिला, गाडीशेजारी निरोप द्यायला उभा असलेला गुणाजी पाहिला, आणि त्याला जे समजायचं ते समजलं.

''परदेशाचा पाठिंबा!'' तो ओरडला. ''संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!''

कुणीतरी म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी त्याला हातगाडीवर चढवलं, आणि गुणाजीचाच माइक त्याच्या पुढ्यात आला. टिपणीस गाडीच्या सीटखाली शिरले.

म्हातारा गर्दीकडे बघून हरखला. इतकी माणसं त्याच्या बेटावर नव्हती. तो त्याच्या भाषेत दहा मिनिटं बोलला, हात पसरून, एकदा डावीकडे दाखवून, एकदा उजवीकडे, शेवटी छातीवर मूठ ठेवून. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडल्या. डावीकडे दाखवलं तेव्हा लोक 'बेळगाव' म्हणाले, उजवीकडे दाखवलं तेव्हा 'डांग'. गाडीच्या खिडकीतून दोन सरकारी हात बाहेर आले आणि जोरजोरात टाळ्या वाजवून पुन्हा आत गेले.

मग रस्ता मोकळा झाला, गाडी बंदराकडे गेली. जयवंत घाम पुसत गुणाजीकडे आला आणि ओठ नीट दिसतील असा समोर उभा राहिला. गुणाजीच्या कानांचं गुपित गल्लीत एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

''काय बोलले पाहुणे, गुणाजी! असा वक्ता आजवर झाला नाय. रविवारी नरे पार्कला सभा आहे. पाहुण्यांना आणशील?''

''ते बोटीत बसले असतील एव्हाना.''

''मग तसा दुसरा कोणी?''

''मराठीत बोलणारा चालेल?'' गुणाजीने विचारलं.

जयवंतने थोडा विचार केला. ''चालेल,'' तो म्हणाला. ''पण पदकं हवीत.''